आधी टाप पाहा, मग परवाना द्या!

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरलेला पर्यटक घोडा निवडताना उंची पाहतो, रंग पाहतो, आयाळीचे गोंडे पाहतो. घासाघीस करून भाडे ठरले की रिकिबीत पाय घालतो. घोड्याचा पाय उचलून टाप पाहावी, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. त्याचे सोडा, तो दोन दिवसांचा पाहुणा. पण परवाने देणाऱ्या नगरपरिषदा, जनावरांच्या नावाने चालणारे पशुसंवर्धन खाते आणि पर्यटनाच्या जाहिरातींत घोडा नाचवणारे सरकार, यांना ती टाप पाहण्याची सवड कधी मिळणार? या राज्यात घोड्याच्या पायाखाली कोण, काय आणि कसे ठोकतो, हे विचारायला कोणी वाली नाही, हा आमचा उघड आरोप आहे.

टाप म्हणजे दगड नव्हे. बाहेरचे शिंगी कवच निर्जीव खरे, पण त्याच्या आत रक्त खेळते, संवेदना असते आणि साऱ्या देहाचा भार पेलणारे हाड असते. कवच महिन्याला जवळपास सेंटिमीटरभर वाढते. नाल ठोकलेली टाप झिजत नाही, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नाल उतरवून ती तासावीच लागते. जाणता नालबंद पाय गुडघ्यांत धरतो, जुन्या खिळ्यांची वळवलेली टोके उघडतो, नाल काढतो, वाढलेले कवच कापतो, कानशीने तळ सपाट करतो आणि मग नवा नाल टापेवर ठेवून पाहतो. बसला नाही, तर नाल पुन्हा ऐरणीवर जातो. कवच आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक पांढुरकी रेषा दिसते. खिळा तिच्या बाहेरूनच ठोकायचा. तो तिरपा चढून कवचातून बाहेर निघाला पाहिजे. काही मिलिमीटर आत वळला, की जिवंत मांसात शिरलाच! मग तिथे पू धरतो, घोडा लंगडतो, आणि लंगडणाऱ्या घोड्याला कामचुकार ठरवून वर चाबूक बसतो.

आणि सर्रास चालते काय? सळईच्या तुकड्यांतून ठोकून काढलेले ठराविक मापाचे नाल आणायचे आणि टाप मोठी निघाली तर टापच तासून नालाएवढी करायची! जोडा बसत नाही म्हणून बोटे छाटण्याचा हा प्रकार आहे. वेळेवर तासणी झाली नाही की टापेचे टोक लांबते, टाच खचते, पायामागच्या कंडरांवर ताण येतो. अशा पायांनी घोडा चढ-उतार करत राहतो आणि वर बसलेला शहाणा सेल्फी काढतो.

याचे सारे खापर नालबंदाच्या माथ्यावर फोडून मोकळे होणे सोयीचे आहे, पण ते खोटे आहे. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला आपण शतकानुशतके खालचा मानले, त्याच्या कसबाला शाळा दिली नाही, प्रमाणपत्र दिले नाही, दाम तर त्याहून नाही. त्याच समाजात काळ्या घोड्याचा नाल शनीच्या धाकाने उंबऱ्यावर ठोकला जातो, त्याची अंगठी बोटात मिरवली जाते. ज्या नालाने घोड्याचे पाय सावरले नाहीत, तो तुमची साडेसाती टाळणार?

शिवछत्रपतींच्या नावाने ऊर बडवणाऱ्यांनी त्यांची पागा कशी चालत असे, हेही वाचावे. पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद, ही व्यवस्था सतराव्या शतकात होती. पुतळ्यांतल्या घोड्यांवर कोटी कोटी उधळणाऱ्या आजच्या राज्यकर्त्यांनी जिवंत घोड्यांमागे प्रशिक्षित नालबंद किती, याचा हिशेब एकदा जाहीर करावा.

ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याने घोड्याला नाल ठोकणे गुन्हा ठरवले आहे. तिथे नालबंद होण्यासाठी काही वर्षे उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कामाला अयोग्य जनावराला जुंपणे त्यात गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत हल्ली एक वडापाव आणि चहा येतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाच्या माणुसकीची लाज न्यायालयाला राखावी लागली. घोड्याच्या टापेसाठीही सरकार न्यायालयाच्या हातोड्याची वाट पाहणार आहे काय?

घोडेवाला गरीब आहे, त्याला हे परवडणार नाही, असे कोणी म्हणेल. गरीब आहे म्हणूनच त्याला लंगडा घोडा परवडत नाही! घोडा खिळला की त्याच्या घरची चूल थंडावते. खर्चाचा प्रश्न असेल, तर माथेरानला येणाऱ्या पर्यटकांकडून नगरपरिषद कर घेतेच. त्यातला वाटा नालबंदीला द्या. गुरू हवेत, तर लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त झालेले नालबंद बोलवा. जागा हवी, तर परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभे आहे. शिकवायचे ते आज पोटासाठी हे काम करणाऱ्यांनाच, आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतन देऊन. शिकलेल्याची नोंदणी करा, दर ठरवून द्या. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, जिथे जिथे घोडा भाड्याने चालतो, तिथे टापांची तपासणी झाल्याखेरीज परवान्याचे नूतनीकरण करू नका.

यातले काहीही अवघड नाही, अवघड आहे ती फक्त इच्छा. ती नसेल, तर सरकारने जाहिरातींतला घोडा आधी उतरवावा. ज्याच्या पायांची जबाबदारी घ्यायची नाही, त्याच्या पाठीवर कमाई करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही!