विश्लेषण : पेशंटजवळच्या मावशींनी इंजेक्शन द्यावे का?

हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो आणि घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो : दिवसभर पेशंटजवळ थांबणार कोण? ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी बारा तासांच्या ड्युटीवर मावशी हजर होतात. आठवडाभरात अंघोळ, भरवणे, डायपर यांच्या जोडीला त्यांच्याकडे इन्शुलिनही येते. ‘सगळं करतात हो त्या,’ असे कौतुकाने सांगितले जाते. या ‘सगळं’ला मर्यादा हवी आणि ती कागदावर हवी.

नर्स आणि केअरटेकर यांत फरक काय?

एएनएम अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, तर बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. त्यानंतर ‘महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६’नुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. घरी येणाऱ्या मावशींची किंवा मामांची सहसा अशी नोंदणी नसते. काहींनी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’सारखा छोटा कोर्स केलेला असतो, बाकीचे अनुभवातून शिकतात. पांढरा अ‍ॅप्रन दिसला की आपण ‘सिस्टर’ म्हणतो. पण हाक बदलल्याने पात्रता बदलत नाही.

त्यांची कामे कोणती?

अंघोळ, अंग पुसणे, तोंडाची स्वच्छता, कपडे बदलणे, भरवणे, शौचाला नेणे, हात धरून चालवणे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे आणि पाठीवर लाली दिसली तर लगेच सांगणे. घरच्यांनी डबीत काढून ठेवलेल्या गोळ्यांची वेळेवर आठवण करून देणे. ही कामे हलकी नाहीत. अनेक पेशंट यांच्याच जोरावर सावरतात.

कोणती कामे सांगू नयेत?

लक्षात ठेवायला तीन शब्द पुरेत : सुई, नळी, निर्णय. इंजेक्शन, सलाईन, नाकातली किंवा लघवीची नळी बसवणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही नर्सची कामे. ‘आज बीपी जास्त वाटतंय, अर्धी गोळी जादा द्या,’ हा निर्णय डॉक्टरांचा. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक, धुणी-भांडी हीसुद्धा त्यांची कामे नव्हेत. त्या तिकडे गुंतल्या तर पेशंटकडे पाहायचे कोणी?

एवढी काळजी कशासाठी?

इन्शुलिनच पाहा. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे. सिरिंजही वेगळ्या : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. १०० युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून पेशंट बेशुद्ध पडू शकतो. हात कितीही सराईत असला, तरी हा फरक कोणी शिकवला नसेल तर कळणार कसा?

नर्स परवडत नसेल तर?

हा आक्षेप खरा आहे. दिवसभरासाठी नर्स ठेवणे बहुतेक घरांना झेपत नाही. पण नर्स दिवसभर लागतेच असे नाही. ठरावीक कामापुरती तिला बोलावता येते. इन्शुलिन घरातल्या एकाने डॉक्टरांकडून नीट शिकून घ्यावे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने आणखी एक वाट काढली आहे. तिथे नोंदणीकृत नर्स एखाद्या पेशंटपुरते ठरावीक काम प्रशिक्षित साहाय्यकाला शिकवून सोपवू शकते. त्यात इन्शुलिनही येते, मात्र देखरेख नर्सचीच. साहाय्यकाने नकार दिला, तर त्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता येत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती या नकाराच्या हक्काची. ‘मला हे येत नाही’ म्हटले तर ड्युटी जाईल, या भीतीने मावशी हो म्हणतात. चूक झालीच, तर सगळे बोट त्यांच्याकडे दाखवतात. काम सांगणारे घर आणि पाठवणारा ब्युरो नामानिराळे राहतात. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद त्यात होती. त्याचा कायदा झाला नाही. तो विषय पुन्हा हाती घ्यायला हवा आणि त्यात कामांची यादी व नकाराचा हक्क दोन्ही हवेत.

तोवर घरी काय करावे?

ब्युरोकडून कामांची यादी लेखी मागा आणि ती मावशींसमोर वाचा. जे येत नाही ते नाही म्हणायला त्यांना मोकळीक द्या. ती यादी फ्रिजवर लावा. खाली डॉक्टरांचा, नर्सचा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर लिहा. काही बिनसले तर मावशींनी स्वतः उपचार न करता त्यातला एक नंबर फिरवावा, एवढीच अपेक्षा ठेवा.