तिसऱ्यांची शेती आणि परवान्याची भाषा

ओहोटी लागली की काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या बाजूस असो वा कोडीबागेच्या, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका दिसतात. पायाने चाचपायचे, हाताने उपसायचे आणि भरती चढण्याआधी टोपली भरायची. तिसऱ्या, कालवे, खुबे काढण्याच्या या कामाला परवाना कोणता, असे त्यांना फारसे कोणी विचारत नव्हते. आता विचारण्याची वेळ येऊ घातली आहे, आणि तो प्रश्न ज्या भाषेत विचारला जाईल ती त्यांची नसेल, ही आमची काळजी आहे.

मुळापासून सांगायचे तर किनाऱ्यावरच्या कोळंबी-तळ्यांनी शेती आणि विहिरी खारवल्या, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी कडक निकाल दिला. त्यातून पुढे २००५ चा किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायदा आला. कायदा तळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत तळे नको, खाडी-नदीत नको, अशी त्याची धाटणी. कालवांना मात्र तळेही लागत नाही आणि खाद्यही लागत नाही. बांबूच्या मांडवाला शिंपल्यांच्या माळा टांगाव्यात, भरतीचे पाणी येऊन त्यांना खाऊ घालून जाते. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी हे करून दाखवले. कासारगोड जिल्ह्यात पडन्न्याच्या खाडीत तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शिणाण्यांची शेती महिलांचे गट करत आले आहेत. या फरकाची दखल केंद्राने २०२३ च्या दुरुस्तीत घेतली. दोन शिंपल्यांच्या जीवांची शेती, शेवाळशेती, पिंजऱ्यातील मासे या किनाऱ्यावरच्या नव्या शेतीला वाट करून देणे, हा त्या दुरुस्तीचा सांगितलेला हेतू आहे. जुन्या कायद्यातील तीन वर्षांपर्यंतची कैदही काढून तिथे दंड आला. एवढ्यापुरते दुरुस्तीचे स्वागतच केले पाहिजे.

घोळ पुढे आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेचा नकाशा या धंद्यावर ठेवून पाहा. ओहोटीत उघडी पडणारी तिसऱ्यांची वाळू ही भरती-ओहोटीच्या रेषांमधली, म्हणून एका वर्गात. माळा टांगलेला मांडव पाण्यात, म्हणून दुसऱ्या वर्गात. माल धुण्याची आणि सोलण्याची शेड काठावर, तिथे ५० मीटर किंवा पात्राची रुंदी यांपैकी जे कमी तेवढी पट्टी मोकळी ठेवायची, म्हणजे तिसरा वर्ग. शेजारी हजार चौरस मीटरांहून मोठे खारफुटीचे बन असेल तर त्याच्या भोवतीचे ५० मीटर आणखी वेगळे. एका बाईचे एका सकाळचे काम, आणि त्याला एवढे वर्ग! स्थानिक समाजांच्या पारंपरिक मासेमारीला पाण्याच्या क्षेत्रात मुभा आहे हे खरे. पण हाताने वेचणे ही मासेमारी की शेती? बांबू रोवला की शेती होते काय? वेचलेले बारीक पिल्लू दुसऱ्या ठिकाणी वाढायला टाकले तर? मुभा की परवाना, हे या उत्तरांवर ठरते.

याहून मोठी गोष्ट पात्राच्या मालकीची. वेचणाऱ्या बाईच्या नावावर काहीच नसते. वाळू सगळ्यांची, जो वाकेल त्याची. उद्या पात्राचा तुकडा कोणा गटाला किंवा कंपनीला शेतीसाठी आखून मिळाला, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाकणारी बाई एका दिवसात घुसखोर ठरेल. हे थोड्याथोडक्यांचे पोट नव्हे. कुमट्याजवळच्या अघनाशिनीच्या मुखातून वर्षाला सुमारे २२ हजार टन शिंपवर्गीय जीव निघतात, असा अंदाज भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडला होता. तेच मुख जानेवारी २०२४ मध्ये रामसर यादीत गेले. मान मोठा आहे, पण त्याबरोबर पाणथळ जागांचे आणखी नियम आले, तेही त्या बायकांना कोणीतरी समजावून सांगायला हवेत.

मागे आमच्या समितीतले तिघे अशाच एका गटाबरोबर एका कचेरीत गेलो. अर्ज इंग्रजीत, भिंतीवरची सूचना कन्नडमध्ये. बायकांची घरची बोली कोकणी, आणि ज्यांना अक्षरओळख आहे त्यांची ती आमच्याच मराठी शाळांतली. ‘संवर्धित प्रजाती’च्या रकान्यात काय भरायचे, म्हणून त्यातल्या एकीने आम्हाला विचारले, “सर, ह्यात तिसऱ्या खंय आसात?” तीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवून आम्हाला त्या कागदावर तिसऱ्या दाखवता आल्या नाहीत. कारकून भला माणूस होता, पण त्यालाही माहीत नव्हते.

कन्नड ही राज्याची भाषा आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार अशी की जे हक्क कागदावर आहेत तेही कोणी वापरत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे जुनेच मान्य धोरण आहे. पर्यावरण परिणाम अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी केंद्राला सांगितले होते. शिंपल्यांच्या बाबतीत वेगळे काय आहे? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराची सोय आहे, तेव्हा काणकोणात तरी ही अडचण सांगायला जागा नाही.

आमचे मागणे दोन गोष्टींपुरते आहे. पात्र कोणालाही आखून देण्याआधी आज तिथे कोण वेचते याची गावनिहाय नोंद व्हावी, आणि ती बायकांसमोर वाचून दाखवावी. नियमांचे दोन पानी सार कन्नड, कोकणी आणि मराठीत मत्स्यखात्याने काढावे. खाते काढेपर्यंत आम्ही स्वतः ते लिहायला घेतले आहे. काम ‘बायव्हाल्व्ह’ या शब्दाशी थोडे अडले. समितीतले एक सद्गृहस्थ ‘द्विपुट मृदुकाय’ सुचवतात. आम्ही तूर्त ‘तिसऱ्या, कालवे, खुबे, शिणाणे वगैरे’ असे लिहिले आहे, आणि पहिली प्रत येत्या अमावास्येच्या ओहोटीला कोडीबागेच्या काठावर वाचायची आहे.