पगारदाराचा पैसा आणि ईटीएफ

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातील मराठी नोकरदार असो वा आमच्या किनारपट्टीवरील कारखान्यातला कामगार, ‘शेअर बाजाराशी आपला संबंध नाही’ असे तो निश्चिंतपणे सांगतो. भविष्यनिर्वाह निधीचा तो सभासद असेल, तर हे विधान आता खरे राहिलेले नाही. या निधीच्या संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्याने जमणाऱ्या रकमेचा काही भाग एक्स्चेंज ट्रेडेड फंडांत, म्हणजेच ईटीएफमध्ये, गुंतविण्यास प्रारंभ केला. आरंभी ५ टक्के असलेला हा वाटा २०१७ मध्ये १५ टक्क्यांवर नेण्यात आला. तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, हे समजून घेणे आता त्यास भागच आहे.

ईटीएफ ही एक टोपली होय. ‘निफ्टी’तील ५० कंपन्यांचे शेअर निर्देशांकातील प्रमाणातच तीत ठेवायचे आणि टोपलीचे लहान भाग शेअरप्रमाणे बाजारात विकायचे, एवढीच त्यामागील कल्पना. कोणता शेअर चढेल याचे भाकीत करणारा तज्ज्ञ येथे लागत नाही. म्हणून खर्चही अल्प. असा पहिला भारतीय फंड, ‘निफ्टी बीज’, डिसेंबर २००१ मध्ये निघाला. त्याच वर्षीच्या जुलैत ‘युनिट ६४’ची खरेदी-विक्री गोठविली गेली होती, हे मध्यमवर्ग विसरलेला नाही. तेथे भाव संस्थाच ठरवीत असे. येथे टोपलीतील माल आणि त्याचा भाव दोन्ही उघड असतात.

परंतु उघडेपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे. बाजार कोसळला की टोपलीही कोसळते. शिवाय बाजारभाव आणि आतील मालाचे मूल्य यांत अंतर पडू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, चांदीच्या टंचाईमुळे चांदीचे ईटीएफ मूळ मूल्याहून चढ्या भावाने विकले जाऊ लागले. तेव्हा त्यांत पैसा घालणाऱ्या काही फंडांना एकरकमी नवी गुंतवणूक स्वीकारणे थांबवावे लागले. ज्यांनी त्या दिवसांत घाईने खरेदी केली, त्यांनी चांदीबरोबर इतरांच्या उतावीळपणाचीही किंमत मोजली.

म्हणून स्वतः ईटीएफ घेणाऱ्याने डिमॅट खाते उघडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: टोपलीत काय आहे, रोजची उलाढाल पुरेशी आहे काय, आणि भाव मूल्याच्या जवळ आहे काय. लवकरच लागणारा पैसा तर तेथे नेऊच नये. कामगाराला मात्र ही निवड नाही. त्याच्या वतीने ती इतरांनी केली आहे. मग त्याच्या घामाच्या पैशाचा किती भाग बाजारात आहे आणि त्याचे काय झाले, हे त्यास दरवर्षी त्याच्या भाषेत सांगणे, हे निधीच्या विश्वस्तांचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.