विजेतेपद गोव्याचे, खेळाडू सुरतचा

देसाई हे आडनाव गोव्यात कोणालाच परके वाटत नाही. त्यामुळे अल्टिमेट टेबल टेनिस स्पर्धेत 'गोवा चॅलेंजर्स'च्या यादीत हरमीत देसाई हे नाव पाहून हा खेळाडू आपल्यापैकीच असावा, असा कोणाचा समज झाला असल्यास त्यात नवल नाही. मूळ वतनदारीचा हा किताब दक्षिण गुजरातेतही तितकाच रुळलेला आहे. हरमीत सुरतचा. १९ जुलै १९९३ रोजी तेथे जन्मलेल्या या खेळाडूच्या साथीने गोव्याचे नाव धारण करणाऱ्या संघाने २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन वेळा विजेतेपद मिळविले. या विजयात गोव्याचे नेमके काय होते, हा प्रश्न मात्र जल्लोषात मागे पडला.

या स्पर्धेची रचना जाणून घेतली, तर त्या विजयांचे मोल कळते. प्रत्येक लढतीत पाच सामने असतात : दोन पुरुष एकेरी, दोन महिला एकेरी आणि एक मिश्र दुहेरी. प्रत्येक सामना तीन गेमचा आणि गुण सामन्याचा नव्हे तर गेमचा. म्हणजे एकूण पंधरा गुण. जुलै २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या अंतिम लढतीत गोव्याने चेन्नई लायन्सला ८-७ असे हरविले, याचा अर्थ अगदी शेवटच्या गेमपर्यंत करंडक कोणाचा हे ठरले नव्हते. पुढच्या वर्षी चेन्नईत दबंग दिल्लीविरुद्ध ८-२ असा एकतर्फी निकाल लागला. अशा रचनेत हरणाऱ्या खेळाडूनेही एखादा गेम खेचून आणणे संघाला तारून नेते, आणि दडपणात गेम खेचणे हा हरमीतच्या कारकिर्दीचा स्थायिभाव म्हणावा लागेल.

त्याचे दाखले राष्ट्रकुल स्पर्धांत सापडतात. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे भारताने नायजेरियाला नमवून पुरुष सांघिक सुवर्ण जिंकले, तेव्हा विजयावर शिक्कामोर्तब करणारा सामना हरमीत आणि जी. साथियन यांच्या दुहेरीचा होता. चार वर्षांनी बर्मिंगहॅमला सिंगापूरविरुद्धच्या अंतिम लढतीत आपला सर्वांत अनुभवी शरत कमल क्लॅरेन्स च्यूकडून पराभूत झाला. लढत २-१ अशी असताना त्याच च्यूसमोर हरमीत उभा राहिला आणि त्याने सरळ तीन गेममध्ये सामना संपविला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत शरत आणि साथियन यांची नावे सहसा आधी येतात. दोन सुवर्णपदकांचा अखेरचा गुण मात्र हरमीतच्या बॅटमधून आला, ही नोंद ठेवायला हवी.

एकेरीतही तो केवळ साथीदार राहिला नाही. २०१९ हे त्याचे सर्वांत फलदायी वर्ष. कटक येथील राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत साथियनला हरवून त्याने एकेरीचे सुवर्ण घेतले, त्याच वर्षी इंडोनेशियातील स्पर्धा जिंकली आणि अर्जुन पुरस्कारही पटकावला. पाठोपाठ २०२० च्या आरंभी हैदराबादला तो प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला. त्या अंतिम सामन्यात समोर होता मानव ठक्कर, तोही सुरतचाच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला टेबल टेनिसमधील पहिलेवहिले पदक, पुरुष सांघिक कांस्य, मिळवून देणाऱ्या संघातही हे दोघे होते. २०२४ मध्ये भारतीय संघ प्रथमच ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेसाठी पात्र ठरला, आणि पॅरिसला खेळलेल्या तिघा पुरुषांपैकी दोघे या एकाच शहरातून आलेले होते. हरमीतचे ते पहिले ऑलिंपिक, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. एकेरीत प्राथमिक फेरी जिंकून तो यजमानांच्या फेलिक्स लेब्रूंकडून हरला. सांघिक स्पर्धेत चीनने भारताचा सलामीलाच ३-० असा निकाल लावला.

हिऱ्यांना पैलू पाडणारे, कापड विणणारे, उधना-लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातून आलेल्या हजारो मराठी कुटुंबांना पोसणारे सुरत शहर खेळासाठी कधी प्रसिद्ध नव्हते. तरीही महापालिकेचे मोठे बंदिस्त क्रीडागृह तेथे उभे राहिले आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबल टेनिस तेथेच खेळविले गेले. एरवी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पेट्रोलियम स्पोर्ट्स प्रमोशन बोर्डाकडून खेळणारा हरमीत त्या वेळी गुजरातचा खेळाडू म्हणून घरच्या प्रेक्षकांसमोर उतरला. खेळाडू राज्याचा, अजिंक्यपद स्पर्धेतील संघ मंडळाचा, लीगमधला संघ तिसऱ्याच राज्याचा. व्यावसायिक खेळाडूची ही त्रिस्थळी यात्रा आता नेहमीचीच झाली आहे.

जगात अन्यत्र हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिलेला आहे. रशियातील मॅग्निटोगोर्स्क हे पोलाद कारखान्याचे शहर. तेथील आइस हॉकी संघ कारखान्याच्याच आश्रयाखाली वाढला आणि त्या संघात एव्हगेनी माल्किन घडला. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या संघाशी एक वर्षाचा करार केल्यानंतर काही दिवसांतच तो हेलसिंकीच्या विमानतळावरून गुपचूप निसटला आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या संघात दाखल झाला. पुढे त्या संघाबरोबर त्याने तीन वेळा स्टॅन्ली करंडक जिंकला. करंडक पिट्सबर्गला गेले, पण माल्किनला घडविणारी बर्फाची मैदाने आणि प्रशिक्षक मॅग्निटोगोर्स्ककडेच राहिले. खेळाडू निघून गेला तरी त्याला घडविणारी व्यवस्था मागे उरते. विकत घेणाऱ्याकडे करंडक येतो, व्यवस्था आपोआप येत नाही.

गोव्याला हे वेगळे सांगायला नको. गोवा चॅलेंजर्सच्या मालकीत सहभागी असलेल्या धेंपो घराण्याच्याच फुटबॉल संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. रँटी मार्टिन्ससारखे परदेशी खेळाडू त्यात होतेच. पण क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही गोमंतकीय मुले त्या संघाचा कणा होती आणि प्रशिक्षक आर्मांदो कुलासोही येथलेच. त्या विजयांवर गोव्याचा हक्क कोणी नाकारू शकत नव्हते.

टेबल टेनिसच्या संघाबाबत असे म्हणता येईल का? २०२३ चा हंगाम संपूर्णपणे पुण्यात झाला, २०२४ चा चेन्नईत, २०२५ चा अहमदाबादेत. म्हणजे दोन वेळचा विजेता संघ या तीन हंगामांत आपल्या नावाच्या भूमीवर एकही सामना खेळला नाही. डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे गोव्यात भरली, २०२५ मध्ये ती चेन्नईला गेली. पेडे, नावेली, ताळगाव येथे लुसोफोनिया आणि राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने वापरली गेलेली बंदिस्त संकुले मात्र जागच्या जागी आहेत. लीगचे सारे सामने एकाच शहरात घेणे आयोजकांना सोयीचे असते, हे मान्य. पण हंगामाबाहेर वर्षातून पंधरा दिवस विजेत्या संघाने शालेय मुलांसोबत घालवावेत, अशी अट सरकारने आणि राज्य संघटनेने संघमालकांपुढे ठेवायला आयोजकांची परवानगी लागत नाही. मालकही गोव्याचेच असल्याने हे बोलणे अवघड नसावे.

वेळ मात्र फार नाही. जुलै २०२६ मध्ये ग्लासगोला होणाऱ्या राष्ट्रकुल स्पर्धा केवळ दहा क्रीडाप्रकारांच्या आहेत आणि टेबल टेनिस त्यातून वगळले गेले आहे. ज्या व्यासपीठाने हरमीतला दोन सुवर्णपदके दिली, ते त्याच्या तेहतिसाव्या वर्षी त्याच्यापुरते बंद झाले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये जपानमधील आशियाई स्पर्धा आहेत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा त्याच्याच राज्यात, अहमदाबादला होतील आणि तेथे टेबल टेनिस परतणार आहे. तोवर तो सदतीस वर्षांचा होईल. शरत कमल बेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि २०२५ मध्ये चेन्नईत निवृत्त झाला, त्यामुळे ते अशक्य म्हणता येणार नाही. पण शरत हा अपवाद होता. सुरतेत हरमीतच्या मागे मानव आहे. गोव्याच्या संघातील त्याच्या जागेसाठी पुन्हा लिलावाकडेच पाहावे लागेल, की तोवर म्हापसा किंवा मडगावच्या एखाद्या शाळेतील टेबलावरून कोणी पुढे आलेले असेल, हे येत्या तीन-चार वर्षांतच ठरेल.