म्हाडाचं घर लागलं, पण महिन्याचं गणित लागलं का?

म्हाडाच्या सोडतीचा निकाल असतो त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून एकच प्रश्न फिरतो. 'लागलं का?' मी दोनदा अर्ज भरला आणि दोन्ही वेळा उत्तर 'नाही' आलं. अनामत रक्कम परत खात्यात जमा झाली, विषय संपला. माझ्या मावसभावाला मात्र लागलं. आडगाव शिवारात, लिफ्ट असलेल्या इमारतीत. पेढे वाटले गेले, स्टेटस ठेवले गेले.

वर्षभराने दादा भेटला तेव्हा मी विचारलं, कसं वाटतंय स्वतःच्या घरात? तो म्हणाला, "अरे, घर स्वस्त पडलं. राहणं महाग पडतंय."

हे एकट्या दादाचं रडगाणं नाही. नाशिकमध्ये परवडणाऱ्या घरांची चर्चा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. घर मिळाल्यानंतरच्या 20 वर्षांचा हिशोब कुणीच मांडत नाही. तो मांडायला हवा.

आधी समजून घेऊ: हे स्वस्त घर येतं कुठून?

नाशिकमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी आज ढोबळमानाने दोन वाटा आहेत.

पहिली, प्रधानमंत्री आवास योजना. तिचा शहरी टप्पा 2.0 हा 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल घटक, 6 लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट आणि 9 लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट. घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या 8 लाखांच्या कर्जावर व्याज अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये असतं आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं.

दुसरी, म्हाडाची सोडत. नाशिक मंडळाच्या सोडतीत अलीकडे जी घरं दिसतात, त्यातली बरीच म्हाडाने बांधलेली नसतात. ती '20 टक्के योजने'तली असतात. 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात 4 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करायचा, तर 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. त्यांची किंमत बाजारभावाने ठरत नाही, ती रेडी रेकनरमधल्या बांधकाम दरावर बेतलेली असते. म्हणून ती शेजारच्या विंगपेक्षा स्वस्त पडतात. 2011 च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती, म्हणजे हा नियम आपल्याला लागू आहे.

नियम चांगलाच आहे. पण 2022 मध्ये तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनीच, नाशिकमधली ही घरं म्हाडापर्यंत पोहोचलेली नाहीत, असा आरोप केला. प्रकरण विधान परिषदेत गाजलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. 4 हजार चौरस मीटरची अट चुकवण्यासाठी भूखंडाचे तुकडे पाडले जातात, हा आरोप तेव्हापासून होतोच आहे.

आता दादाचा हिशोब

दादा अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. हातात 22 हजार येतात. वहिनी शिवणकाम करते, त्याचे साधारण 6 हजार. एकूण 28 हजार.

आधी ते अंबडजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. भाडं 6,500 रुपये. कंपनीत सायकलवर जाता यायचं. म्हणजे राहणं आणि कामावर जाणं मिळून उत्पन्नाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी खर्च.

आता बघा. कर्ज 12 लाख, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता साधारण 10,400 रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स 1,800. आडगाव ते अंबड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. येऊन-जाऊन 28 किलोमीटर, मधे द्वारका चौक. पेट्रोलचे महिन्याला 1,500. बेरीज 13,700 रुपये. म्हणजे पगाराचा जवळपास अर्धा भाग. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेगळी.

'भाडं वाया जातं, हप्त्यात घर आपलं होतं,' हे खरं आहे. पण पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 8,500 रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 1,900. घर हळूहळू आपलं होतं, पण मुलाची फी आणि आईची औषधं हळूहळू येत नाहीत.

छोट्या फ्लॅटला मोठ्या फ्लॅटइतकाच मेंटेनन्स?

बहुतेकांना हे घरात राहायला गेल्यावरच कळतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे यांचा खर्च, सगळ्या सदनिकांना समान वाटला जातो. क्षेत्रफळ विचारात घेतलं जात नाही. 300 चौरस फुटांचं घर आणि हजार चौरस फुटांचं घर, दोघांना तेवढेच पैसे. लिफ्टचा खर्चही तसाच.

तत्त्व म्हणून ते चुकीचं नाही. वॉचमन दोघांच्याही घराची राखण करतो. पण सरकार ज्या कुटुंबाला 'दुर्बल घटक' म्हणून घर देतं, त्याच कुटुंबाला दुसऱ्या दिवसापासून जिम आणि क्लब हाऊसच्या वर्गणीत धरलं जातं, तेव्हा काहीतरी चुकतंय. मेंटेनन्स थकला की नाव नोटीस बोर्डावर लागतं. 'ते म्हाडावाले' हा शब्द तिथूनच सुरू होतो.

सिडकोने आधीच शिकवलेला धडा

मी पवननगरमध्ये, सिडकोच्या घरात वाढलो. सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांतून सुमारे 25 हजार घरं बांधली. घरं लहान होती, भिंतीला भिंत लागून. पण तीन गोष्टी बरोबर होत्या. अंबड-सातपूरच्या कंपन्या जवळ होत्या, त्यामुळे आमचे वडील फर्स्ट शिफ्टला सायकलवर जायचे. लिफ्ट नव्हती, त्यामुळे लिफ्टचं बिलही नव्हतं. आणि पैसा आला तसं घर वाढवता आलं. कुणी वर खोली चढवली, कुणी पुढे किराणा दुकान काढलं.

त्याची दुसरी बाजूही आहे. 2018 मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना महापालिकेने याच वाढीव बांधकामांवर लाल खुणा मारायला सुरुवात केली आणि अख्खं सिडको रस्त्यावर उतरलं. नियमाने पाहिलं तर अनेक बांधकामं विनापरवानगीच होती. पण एका खोलीच्या घरात दोन भावांचे संसार मावणार नाहीत, हे घर बांधतानाही दिसत होतं. स्वस्त घर बांधताना कुटुंब वाढणार हे धरलंच नाही, तर पुढे एकतर नियम मोडतो किंवा कुटुंब.

आजच्या सहाव्या मजल्यावरच्या 30 चौरस मीटरमध्ये वर खोली चढवायचीही सोय नाही.

'स्वस्तात मिळतंय, वर तक्रार कशाला?'

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. दादाची तक्रार नाही. त्याने घर सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. पण ज्या घरावर सरकारचा पैसा, नियमाची ताकद आणि कुटुंबाची 20 वर्षं लागतात, ते घर परवडतं की नाही हे फक्त विक्री किमतीवर ठरवणं म्हणजे बाईक घेताना मायलेज न विचारण्यासारखं आहे. अशा घरातला माणूस हळूच ते भाड्याने देतो आणि स्वतः पुन्हा कंपनीजवळच्या खोलीत जातो. मग आपणच म्हणतो, बघा, योजनेचा गैरफायदा घेतला.

माझ्या मते चार गोष्टी करता येतील, आणि त्यातल्या पहिल्या दोन तर लगेच.

एक, 4 हजार चौरस मीटरवरच्या प्रत्येक मंजूर प्रकल्पाची यादी, त्यातली 20 टक्के घरं किती आणि म्हाडाला कधी दिली, हे महापालिकेने मोबाइलवर दिसेल असं प्रसिद्ध करावं. परवानगी तीच देते, पूर्णत्वाचा दाखलाही तीच देते. माहिती तिच्याकडे असायलाच हवी.

दोन, सोडतीच्या जाहिरातीत किमतीशेजारी दोन रकाने वाढवावेत. अंदाजे मासिक मेंटेनन्स आणि जवळच्या सिटीलिंक थांब्यापर्यंतचं अंतर.

तीन, दुर्बल घटकांच्या सदनिकांसाठी सेवाशुल्क क्षेत्रफळानुसार घेण्याची तरतूद उपविधींत व्हावी. निदान क्लब हाऊससारख्या सुविधा त्यांच्यासाठी ऐच्छिक असाव्यात.

चार, सगळ्यांना मालकीचंच घर कशाला? आवास योजना 2.0 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. सातपूर आणि अंबडजवळ अशी घरं झाली, तर कंत्राटी कामगाराला 20 वर्षांच्या कर्जाआधी चार पैसे साठवायला वेळ मिळेल.

तोवर, अर्ज भरण्याआधी एवढं करा

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, पॅन तयार ठेवा. म्हाडाच्या आताच्या ऑनलाइन प्रणालीत कागदपत्रं सोडतीआधीच तपासली जातात. मग एका रविवारी त्या इमारतीवर जा. वॉचमनला मेंटेनन्स किती ते विचारा. सोमवारी सकाळी शिफ्टच्या वेळेला तिथून कंपनीपर्यंत एकदा जाऊन बघा. हप्ता, मेंटेनन्स आणि प्रवास यांची बेरीज महिन्याच्या कमाईच्या 40 टक्क्यांवर जात असेल, तर घरात बसून पुन्हा एकदा बोला.

पुढच्या सोडतीत मी तिसऱ्यांदा अर्ज भरणार आहे. ग्रुपवर पुन्हा विचारतील, लागलं का? या वेळी पेढ्यांच्या आधी मी कॅल्क्युलेटर उघडणार आहे. दादाने तसं बजावलंच आहे.