पाण्याची पाळी

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे सुमारें १५०० वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत, वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. रोपलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिंवाळ्यांत दिवसाआड आणि पावसाळ्यांत जमीन वाळल्यास पाणी द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. दोन वर्षांपूर्वीं चैत्रांत तो श्लोक मीं मोठ्या अभिमानानें घरांत वाचून दाखविला आणि परसांतल्या लिंबोणीस दोन्ही वेळां पाणी घालण्याची आज्ञा केली. मुलें-सुना आज्ञाधारक, एक पाळी चुकली नाहीं. ज्येष्ठांत पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. मीं म्हटलें, "पाणी वाढवा!" अखेर माळ्यानें बुंध्याजवळ उकरलें, तों खालीं चिखल आणि मुळ्या कुजलेल्या. लिंबोणी गेली, आणि विहिरीनें तळ गाठल्यामुळें घरांत धुण्याच्या पाण्याची ओढाताण झाली, ती निराळीच.

दोष ग्रंथाचा नव्हता. वचन नव्या रोपांविषयींचें. माझी लिंबोणी १२ वर्षांची. शिवाय तिसऱ्या चरणांतील मर्म मीं ओलांडून गेलों होतों. तें हें कीं, ऋतूबरोबर जमिनीकडेही पाहावें.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातींत दोन्ही असतात त्या स्थितीस शेतकरी वाफसा म्हणतात. चार बोटें खोल माती उकरून मुठींत दाबावी. गोळा झाला तर आज पाणी नको. भुगा झाला तर द्यावें, आणि तें एकदांच पोटभर द्यावें. ओल खोल गेली म्हणजे मुळ्याही खालीं उतरतात. रोजच्या शिंपडण्यानें त्या वरच राहतात. आळें बुंध्यालगत न करतां फांद्यांच्या घेराखालीं करावें. वेळ सकाळची, आणि वर पालापाचोळ्याचा थर. काळी जमीन ओल धरते, मुरमाड लवकर सोडते. कुंडींतली माती तर थोडी, म्हणून ती रोज पाहावी.

हल्लीं नळास घड्याळ लावून ठिबकानें पाणी देतात. सोय चांगली, परंतु रात्रीं पाऊस पडून गेला, हें साध्या घड्याळास कळत नाहीं. ऋतु पालटला कीं त्याची पाळीही आपणच पालटली पाहिजे.

मोठ्या कुटुंबांत आणखी एक घोटाळा होतो : एकाच झाडास तिघेजण पाणी घालतात. म्हणून आम्हीं विहिरीजवळ पाटी टांगली आहे. पाणी घालणारानें झाडाचें नांव व तिथि लिहावयाची. माती पाहण्याचें काम नातीकडे आहे. परवां मीं बादली घेऊन निघालों, तों ती म्हणाली, "आजोबा, अजून वाफसा आहे."

मीं बादली खालीं ठेवली.