गाविलगडला जायचंय? मग आधी परतीची वेळ ठरवा!

दिवाळीची सुटी संपते, सेमिस्टरचे पेपर आटोपतात आणि ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकतो, 'चला बे, गडावर जाऊ.' पाच मिनिटांत वीस अंगठे पडतात. कोणी राजगड म्हणतं, कोणी रायगड. मग लक्षात येतं की पुण्याला जायचं तर रात्रभराचा प्रवास, मुक्काम आणि खर्च. शेवटी कोणी म्हणतं, 'जाऊ द्या ना, पुढच्या वर्षी पाहू.' ट्रिप ग्रुपवरच सुरू होते आणि ग्रुपवरच संपते. तुमच्याही ग्रुपचं असंच होतं ना?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. पण त्या बारांत विदर्भातला एकही नाही. म्हणून आपल्याकडे गड नाहीतच, असा आपणच समज करून घेतलाय. गुरुकुंज मोझरीच्या थांब्यावरून सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येईल आणि दिवेलागणीला घरी परतता येईल, एवढ्या अंतरावर गाविलगड उभा आहे. मोझरी ते अमरावती साधारण पस्तीस किलोमीटर, अमरावती ते परतवाडा पन्नास आणि तिथून घाटाने चिखलदरा तीस. चिखलदऱ्याला आपण सगळेच गेलोय हो, पण पॉइंट पाहायला. फोटो, मक्याचं कणीस, चहा आणि परत. गावापासून दोन-तीन किलोमीटरवरचा गड 'वेळ उरला तर' या यादीत असतो आणि वेळ कधी उरत नाही.

आमचाही उरला नव्हता. सेकंड इयरला आम्ही अकरा जण गेलो होतो. सहाला निघायचं ठरलं, निघालो साडेनऊला. एकाची गाडी पंक्चर, दोघांची झोप, परतवाड्यात नाश्त्याला तासभर. सगळे पॉइंट करून गडाच्या दरवाज्यात पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. अर्धा तास फिरलो, ऊन उतरायला लागलं म्हणून माघारी फिरलो. अंधारात घाट उतरलो, एका गाडीचा लाइट बंद, मोबाइलची रेंज जात-येत. घरी पोहोचायला साडेअकरा झाले.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आम्हा मुलांना घरी कोणी फारसं काही विचारलं नाही. 'जेवला का?' एवढंच. ग्रुपमधल्या चारही मुलींचं मात्र फिरणं बंद झालं. एकीला तर त्या वर्षी कॉलेजच्या स्टडी टूरलाही पाठवलं नाही. झोपलो आम्ही, गाडी बिघडली आमची आणि भोगलं त्यांनी. आपल्याकडे ट्रिप ठरवणं म्हणजे कटकट, 'जाऊ की, होईल सगळं' म्हणणं म्हणजे कूल, असं समजतात. पण 'होईल सगळं' न झाल्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. म्हणून सांगतो, वेळेचं नियोजन ही हौस नाही, ती सोबतच्यांबद्दलची जबाबदारी आहे.

घरचे एवढी काळजी का करतात, म्हणून त्यांना नावं ठेवणंही सोपं आहे. पण 'कुठं जाताय, कोण कोण आहे, कधी येणार' या तीन प्रश्नांची धड उत्तरं आपण कधी देतो का? गाडीचा नंबर, सोबतच्या दोघांचे फोन आणि परतीची वेळ एका कागदावर लिहून आईच्या हातात द्या. मुलांनीही द्या, फक्त मुलींनी नाही. परतवाड्याला उतरल्यावर एक फोन करा. दिलेली वेळ एकदा पाळली की पुढच्या परवानगीचं अर्धं काम होतं.

आता नियोजनाचं. उलटीकडून सुरुवात करा. हिवाळ्यात सहाच्या आतच अंधारून येतं. म्हणजे घाट उजेडात उतरायचा तर चिखलदरा तीनला सोडायचं. जेवणाला एक तास धरा, म्हणजे गडावरून दोनपर्यंत बाहेर. गड नीट पाहायला किमान तीन तास, म्हणजे साडेदहा-अकराला दरवाज्यात. म्हणून मोझरीहून सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा. या हिशेबात पॉइंट बसत नाहीत, हे आधीच मान्य करा. एक दिवस, एक गड. आणि मॅपवर नुसतं 'मोझरी' टाकू नका. चिखलदऱ्यातही मोझरी पॉइंट आहे, त्यामुळे गोंधळ होतो.

पैशाचं बोलणंही आधीच करा. गाडी ठरवून मग माणशी आकडा सांगितला की ज्याला परवडत नाही तो 'माझं काम आहे' म्हणून गळतो. कारण कोणी विचारत नाही. त्यापेक्षा आधी एसटीचा पर्याय मांडा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मात्र परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशी आगारात फोन करून पक्की करा, नेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका. टू-व्हीलरने जायचंच असेल तर ट्रिपल सीट नाही, हेल्मेट पाहिजेच आणि धुकं असेल तर घाटात थांबायची तयारी ठेवा. डबा घरून न्या, पाणी माणशी दोन लिटर. हा मेळघाटचा भाग आहे, अस्वलं आणि बिबटे इथले रहिवासी आहेत. झाडोऱ्यात एकट्याने शिरू नका, मोठ्याने गाणी लावू नका आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या.

एवढं करून गडावर पाहायचं काय? 'काय हाये तिथं? दगडं!' हे मीही ऐकलंय. त्या दगडांची गोष्ट माहीत नसेल तर खरंच दगडच दिसतात. म्हणून जायच्या आधी वीस मिनिटं वाचा.

थोडक्यात सांगतो. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास हा गड बांधला, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. पुढे वऱ्हाडची स्वतंत्र इमादशाही झाली. तिची राजधानी खाली अचलपूरला आणि डोंगरातलं बळ म्हणजे हा गड. दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलाय, दोन तोंडांचा पक्षी. तो शोधा. अबुल फझलच्या ऐन-ई-अकबरीतही या गडाची नोंद आहे. इथल्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देत, असं त्यात म्हटलंय. तलाव, मशीद, बुरूज, तोफा असं बरंच काही आत पसरलेलं आहे, म्हणून तर तीन तास लागतात.

आणि मग १५ डिसेंबर १८०३. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. उरलेली फौज गाविलगडावर होती, किल्लेदार बेनीसिंग. इंग्रजांच्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. गडाची दुबळी बाजू उत्तरेची. तिथे पोहोचायला स्टीव्हन्सनच्या सैन्याने पाच-सहा दिवस डोंगरातून वाट काढत तोफा ओढून नेल्या. बाहेरची तटबंदी फुटली, पण आत दुसरा कोट होता आणि मध्ये दरी. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आतल्या तटावर चढली आणि तिने दरवाजा उघडला. बेनीसिंग लढताना पडला. दरीच्या काठावर उभं राहून आतल्या कोटाकडे पाहा, वाचलेलं सगळं एकदम कळतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे तेव्हा भोसल्यांकडे राहिले. आपली मोझरी, तिवसा, अमरावती हे सगळं वर्धेच्या पश्चिमेलाच. नागपूर हायवेने वर्धा नदीचा पूल ओलांडताना आजही आपण 'वऱ्हाड संपलं' म्हणतो ना, त्या म्हणण्यामागे हाही इतिहास आहे.

अकोटकडच्या वाचकांनो, तुमच्यासाठी नरनाळा जवळ. पोपटखेडवरून शहानूर आणि तिथून वर. १४८७ च्या सुमाराचा तिथला महाकाली दरवाजा एकट्यानेच दिवस सार्थकी लावतो. तो भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाच्या वेळा आणि नियम आधी विचारल्याशिवाय निघू नका. आणि दोन्ही गड एका दिवसात करायचा हट्ट नको.

एक शेवटचं. दोन्ही गड केंद्रीय पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहेत. वास्तूचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी कायद्यात तरतूद आहे. तरी भिंतींवर बदामात नावं आहेतच. ती कोणी परदेशातून येऊन लिहिलेली नाहीत, आपल्याच कॉलेजांमधली आहेत. बाटल्याही आपल्याच. आपण श्रमदानाच्या गावचे म्हणवतो. मग सॅकमध्ये एक रिकामी पिशवी टाका. आपला कचरा आणि आणखी दोघांचा, एवढा खाली आणला तरी पुष्कळ झालं.

आम्ही यंदा जानेवारीत पुन्हा गेलो. सहाला निघालो, गड पूर्ण पाहिला, सातच्या आत मोझरीला पोहोचलो. चारपैकी तिघी सोबत होत्या. चौथीच्या घरच्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. तिच्या बाबांना तो वेळांचा कागद दाखवायला या आठवड्यात आम्ही जातोय. तुमच्या ग्रुपवर पुढचा 'चला बे' आला की अंगठा टाकू नका. सरळ विचारा, 'परत किती वाजता?'